उजवा हात प्रेक्षकांकडे

माझे सासरे प्रा. दत्तप्रसाद. कुठल्या कॉलेजात प्राध्यापक होते, असं विचारायचं नाही. कुठल्याशा छापखानेवाल्याने एका जाहिरातीत नावामागे 'प्रा.' लावलं, ते पुढे कुणी काढलं नाही, आणि बाबांनीही आठवण करून दिली नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांची संमोहनाचे प्रयोग करण्यात गेली. शाळांची स्नेहसंमेलनं, गणेश मंडळं, बँकवाल्यांचे मेळावे. प्रेक्षकांतून माणसं स्टेजवर बोलवायची, त्यांना झोपवायचं आणि कच्चा कांदा सफरचंद म्हणून खायला द्यायचा. चांगली शिकलेली माणसं तो मिटक्या मारत खायची.

माझं लग्न ठरायच्या वेळी ही मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा मुलगा माझ्याशी जेमतेम चार वाक्यं बोलला. बाकी सगळा वेळ बाबा बोलले. संमोहन म्हणजे झोप नव्हे, तर मन एका जागी गोळा होणं, हे मला पोहे खाता खाता समजलं. पूर्वी युरोपात एक डॉक्टर रोग्यांच्या अंगावरून लोहचुंबक फिरवायचा आणि रोगी बरे व्हायचे. राजाने चौकशी समिती नेमली. समिती म्हणाली, चुंबकात काही नाही, हा सगळा कल्पनेचा खेळ आहे. "कल्पना तर कल्पना," बाबा म्हणाले, "रोगी बरे होत होते ना?" मग एका स्कॉटिश डॉक्टरने ग्रीकांच्या निद्रादेवाचं नाव या विद्येला दिलं आणि पुढे त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला, कारण ही झोप नाहीच. माझे वडील घड्याळाकडे बघत होते.

पण त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट हुगळीची. क्लोरोफॉर्म अजून यायचा होता, त्या काळात बंगालमध्ये एक गोरा सर्जन नुसत्या संमोहनावर लोकांच्या अंगावरच्या मोठमोठ्या गाठी कापून काढत असे. कलकत्त्याच्या इतर डॉक्टरांना ते पटेना. ते म्हणत, हे रोगी नाटक करतात, साहेबाला बरं वाटावं म्हणून गप्प पडून राहतात. इथे बाबा दरवेळी हसायचे, तसे आमच्या बैठकीच्या खोलीतही हसले. "अंगात सुरी चालली आहे आणि माणूस समोरच्याला बरं वाटावं म्हणून गप्प राहतोय. असं कोण करेल, सांगा मला."

माझ्या होणाऱ्या सासूबाई, विमलाबाई, शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी रिकामी बशी टेबलावर ठेवली आणि माझ्या आईला म्हणाल्या, पोहे छान झालेत.

त्या प्रयोगांतल्या पहिल्या सहकलाकार होत्या. सहकलाकार हा शब्द बाबांना आवडत नसे. 'माध्यम' म्हणायचं. आई, म्हणजे सासूबाई, स्टेजवर खुर्चीत बसायच्या, बाबा त्यांना झोपवायचे आणि मग त्यांच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून दाभणासारखी जाड सुई आरपार घालायचे. आई हसऱ्या चेहऱ्याने बसून राहायच्या. मग बाबा त्यांचा तो हात वर उचलून सोडून द्यायचे आणि तो ओल्या फडक्यासारखा खाली पडायचा. "चेहरा खोटं बोलू शकतो," ते माइकवर सांगायचे. "हात बोलू शकत नाही. झोप लागली की नाही, ते नेहमी हाताला विचारा."

हे सगळं मी माझ्या नवऱ्याच्या, योगेशच्या, जुन्या व्हिडिओ कॅसेटींवर बघितलं. मी या घरात आले तोपर्यंत प्रयोग आटत चालले होते. शेवटचा झाला कर्वेनगरच्या एका सोसायटीत, गणपतीत. बाबांनी स्टेजवर एका तरुणाला कांदा दिला. त्याने एक चावा घेतला, थुंकला आणि माइकमध्ये म्हणाला, "काका, कांदा आहे हा." सगळी सोसायटी हसली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला आणि तो फिरत फिरत आमच्या बिबवेवाडीच्या बिल्डिंगच्या ग्रुपवरही आला. बाबांनी काळा कोट ड्रायक्लीनिंगला दिला, परत आणला आणि प्लॅस्टिकसकट कपाटात टांगला. त्यानंतर ते दिवसभर पेपर वाचायचे. तोच पेपर संध्याकाळी पुन्हा वाचायचे. मला त्यांचा राग यायचा, कारण निदान भांडले असते तर बोलता आलं असतं.

मग आईंचं आजारपण आलं. उजव्या बाजूचा स्तन काढला, केमो झाली, वर्षभर बरं गेलं आणि मग तो कॅन्सर मणक्यात आणि कमरेच्या हाडांत उतरला. आता उपचार नाहीत, दुखणं कमी ठेवायचं, एवढंच. त्यासाठी डॉ. शबनम घरी यायच्या. शांत, मोजकं बोलणारी बाई, आमच्याच भागात वाढलेली. हाडांचं दुखणं फार वाईट असतं, मॉर्फिन लागेल, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं.

बाबा ताठ बसले. "अफू?" ते म्हणाले. "डॉक्टर, माझी बायको या देशातलं उत्तम माध्यम आहे. तुमची हरकत नसेल तर मी आधी प्रयत्न करतो."

डॉ. शबनम म्हणाल्या, हरकत नाही, संमोहनाचा दुखण्यावर उपयोग होतो, काहींना चांगला होतो. पण काकू सांगतील ते शेवटचं.

काकूंनी काय सांगावं? दर संध्याकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून पलंगाशी खुर्ची ओढून बसायचे. पलंग भिंतीला लागून होता. आईंची उजवी बाजू खोलीकडे. त्यांचा उजवा हात ऑपरेशननंतर सुजून जड झाला होता, त्यात पकड उरली नव्हती. तो हात बाबा हातात घ्यायचे आणि त्या आवाजात बोलायला लागायचे, जो मी कॅसेटवर ऐकला होता. दुखणं कमरेतून मांड्यांत उतरतंय, मांड्यांतून पोटऱ्यांत, आता तळव्यातून बाहेर चाललंय. आईंचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर तेच हसू. शेवटी बाबा पाच ते एक उलटे अंक मोजायचे आणि त्या डोळे उघडायच्या. डॉक्टर विचारायच्या, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय काकू? आई बाबांकडे बघून म्हणायच्या, "दोन."

आणि बाबा बदलले. जेवताना बोलू लागले. मला हुगळीची गोष्ट नव्याने सांगितली. शेजाऱ्यांना जिन्यात थांबवून सांगितली. कोट कपाटातून काढून गॅलरीत उन्हात टाकला. योगेश खराडीच्या ऑफिसातून दमून यायचा, खोलीच्या दारातून आईबाबांकडे बघायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? घरात कॅन्सर होता आणि घरात एक आनंदी माणूस होता.

एका संध्याकाळी मी शाळेतून आणलेल्या वह्या तपासत बसले होते आणि मोबाइलचं चार्जिंग संपत आलं. चार्जर आईंच्या खोलीत, पलंगामागच्या स्विचबोर्डाला. आत बाबांचा आवाज चालू होता. मी पाय न वाजवता डोक्याच्या बाजूने गेले. चार्जरची वायर पलंग आणि भिंतीच्या फटीत पडली होती, म्हणून मी खाली वाकले.

फटीत आईंचा डावा हात होता. पलंगाची लोखंडी पट्टी त्यांनी अशी धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती.  मी मान वर करून चेहरा बघितला. चेहऱ्यावर हसू होतं. पलीकडून बाबा म्हणत होते, आता तळव्यातून बाहेर चाललंय.

मी चार्जर तिथेच सोडला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबा दूध आणायला गेले, तेव्हा मी आईंचं अंग पुसत होते. पाठीला ओला टॉवेल लागला तरी त्यांचा श्वास अडकत होता. इतके दिवस मी ते थंडीमुळे समजत होते.

"आई, काल मी तुमचा डावा हात बघितला."

त्यांनी डावा हात चादरीखाली घेतला. मग म्हणाल्या, "वाकायला कोणी सांगितलं होतं तुला?"

"किती दुखतंय? खरा आकडा सांगा."

"आकड्यांचं तुम्हा मास्तरणींना कौतुक." त्यांनी भिंतीकडे बघितलं. "उजवा हात प्रेक्षकांकडे असतो, शर्मिला. तो त्यांचा. डावा माझा. सुई उजव्यात जायची, तेव्हा डाव्या हाताने मी निऱ्यांच्या आड मांडीला चिमटा काढायचे. इतका जोरात की सुईचं दुखणं मागे पडायचं. सवय आहे मला."

"म्हणजे इतकी वर्षं नाटक?"

"नाटक म्हणू नकोस." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "लोकांना लागायची झोप. डोळ्यांनी बघितलंय मी. एका बाईचं दातखिळी बसणं थांबलं, एका पोराचं तोतरेपण गेलं. त्यांची विद्या खरी आहे. मलाच लागत नव्हती. काही माणसं असतात तशी, त्यांच्याच पुस्तकात लिहिलंय. त्यांना वाटतं मी सगळ्यात पटकन जाते. मी एकदाही गेले नाही."

मग साताऱ्याची गोष्ट सांगितली. आई तेव्हा कॉलेजात होत्या आणि हॉलमध्ये बाबांचा प्रयोग होता. सगळ्यांनी बोटांत बोटं अडकवून हात घट्ट धरायचे, बाबा म्हणणार, आता सुटणार नाहीत, आणि ज्यांचे खरंच सुटणार नाहीत त्यांना वर बोलावणार. त्या दिवशी सगळ्यांचेच सुटले. मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली. स्टेजवर एक काटकुळा मुलगा, अंगावर कुणाचा तरी मागून आणलेला कोट, ओठावर घाम. "माझेही सुटत होते," आई म्हणाल्या. "मी सोडले नाहीत. हात वर करून दाखवले. त्याने माझ्याकडे असं बघितलं की, काय सांगू तुला."

"आई, स्टेजवर पाच मिनिटं होती. हे दिवसरात्र आहे."

"कर्वेनगरहून आले तेव्हा कसे होते, बघितलंस ना तू?" त्या म्हणाल्या. "माणूस जेवायचा बंद झाला होता. आता मी जाणारच आहे. जाताना एवढं त्यांच्याकडे राहू दे. तू कुणाला बोलायचं नाहीस. योगेशलाही नाही. माझ्या गळ्याची शपथ."

शपथेवर माझा विश्वास नाही. पण त्या बाईचा गळा समोर होता, हाडं वर आलेला, आणि मी हो म्हणून बसले. त्याचा मला तेव्हाच संताप आला. त्यांचा आला, बाबांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या सबंध घराचा आला, जिथे एक माणूस फटीत हात घालून मरत होतं आणि बाकीचे टाळ्या वाजवत होते.

डॉक्टरांना मात्र मी फोन केला. डॉक्टर म्हणजे 'कुणी' नव्हे, अशी मी माझी समजूत घातली. डॉ. शबनम ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला शंका होती. त्यांची नाडी दोन म्हणत नव्हती." त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, कशा द्यायच्या ते सांगितलं, पण जबरदस्ती करता येणार नाही, असंही म्हणाल्या.

"चोरून घ्या," मी आईंना सांगितलं. "बाबांना वाटेल त्यांच्यामुळेच. सगळ्यांचं भागेल."

"चोरून?" आई म्हणाल्या. "तो माणूस भिंग लावून प्रत्येक पाकिटावरचं नाव वाचतो. गोळी स्वतःच्या हाताने देतो. दिवसभर तिथून हलत नाही. दर चार तासांनी चोरी कशी करणार?" खरं होतं. ती पाकिटं मी माझ्या कपाटात साड्यांच्या मागे ठेवली आणि रोज संध्याकाळी तो आवाज ऐकत बाहेर बसू लागले. वह्यांमध्ये बरोबर गणितांवर फुल्या मारल्या मी त्या दिवसांत.

योगेशला एकदा आडून विचारलं, आईंचं खरंच दुखत नसेल का रे? तो म्हणाला, "बाबांचं वर्क होतंय ना, मग डिस्टर्ब कशाला करायचं?" शपथ मोडायची नव्हती, म्हणून मी दार आपटलं.

मग पाठीला आधार मिळावा म्हणून आम्ही हॉस्पिटलचा बेड भाड्याने घ्यायचं ठरवलं. टेम्पो आला तेव्हा योगेश ऑफिसात होता. आईंना खुर्चीत बसवलं होतं. दोन माणसांनी जुना पलंग बाहेर काढला, नवा आत आणला आणि विचारलं, "मॅडम, डोकं कुठल्या बाजूला?"

मी आधी ठरवलं होतं, असं मला म्हणता येणार नाही. पण उत्तर तयार होतं.

"खिडकीकडे," मी म्हणाले.

आतापर्यंत डोकं दाराकडे होतं. खिडकीकडे केलं की उजवी बाजू भिंतीला जाणार होती, आणि डावी खोलीत येणार होती.

आईंनी मान वर केली. "पूर्वीसारखंच असू दे," त्या म्हणाल्या.

"दाराकडे वारा येत नाही, आई."

"मला नको वारा."

"असू दे ग विमल," बाबा म्हणाले. त्यांनी स्वतः उशी उचलून खिडकीकडच्या बाजूला ठेवली. "उजेडही येईल. सूनबाई बरोबर सांगतेय."

आईंनी माझ्याकडे बघितलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्याकडे तसं कधीच बघितलं नव्हतं. मी चादर खोचत राहिले.

संध्याकाळी बाबांनी खुर्ची ओढली. या बाजूला आता डावा हात होता. त्यांनी तो घेतला, सहज, दुसरा हात भिंतीकडे होता म्हणून. मी दारात उभी राहिले. त्या दिवशी बाहेर जाऊन बसायचं नाही, एवढं तरी मी स्वतःला बजावलं होतं.

बाबांनी सुरुवात केली. डोळे जड होताहेत. आईंचे डोळे मिटले. चेहऱ्यावर हसू आलं. आता सबंध अंग सैल होतंय. आईंनी हात सैल सोडायचा प्रयत्न केला असणार, मला दिसत होतं, बोटं उघडायची आणि आपोआप मिटायची. सुजलेल्या उजव्या हाताला काही धरता येत नव्हतं. दुखणं कमरेतून उतरतंय, बाबा म्हणाले, आणि त्यांच्या तळहातात आईंची नखं रुतली. त्यांनी खाली बघितलं. आवाज पुढे चालू राहिला, सवयीने, मांड्यांतून पोटऱ्यांत. मग वाक्याच्या मध्येच थांबला.

ते हाताकडे बघत राहिले. हजारो हात हातात घेतलेला माणूस. आईंच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं, कारण डोळे मिटलेले असल्यामुळे आपल्याकडे कुणी बघत नाहीये, हे त्यांना कळलं नव्हतं.

बाबांनी अंक मोजले नाहीत. माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "शर्मिला, डॉक्टरांना फोन लाव. गोळ्या पाहिजेत म्हणावं."

"गोळ्या आहेत घरात," मी म्हणाले.

त्यावर त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांचा चेहरा त्या सोसायटीच्या स्टेजवर होता तसाच झाला होता आणि ते बघवेना. ते उठून पाणी आणायला गेले. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत होता. पेला नेहमीच्या जागीच होता.

"तू सांगितलंस," आई डोळे न उघडता म्हणाल्या. हसू गेलं होतं. त्याखालचा चेहरा मी पहिल्यांदा बघत होते.

"नाही सांगितलं."

"बेड फिरवलास."

"हो."

"देव तुझं भलं करो," त्या म्हणाल्या. पुण्यात हे वाक्य कसं म्हणतात, ते सांगायला नको. मला रडू आलं, पण मी बरोबर केलं होतं आणि आजही तसंच म्हणेन.

मी साड्यांमागून पाकीट काढून आणलं आणि बाबांनी भिंग न लावता गोळी दिली. पाण्याचा पेला आईंच्या ओठांना लावला, हनुवटीवर ओघळलेलं पुसलं आणि पुन्हा खुर्चीत बसले. पुन्हा डावा हात हातात घेतला. काही बोलले नाहीत. खिडकीबाहेर रिक्षावाले भांडत होते, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. हळूहळू आईंची बोटं सैल पडत गेली. कपाळावरची आठी, जी मला त्यांच्या चेहऱ्याचा भाग वाटायची, ती गेली. बाबांच्या तळव्यात तो हात पडून राहिला, त्यांनी माइकवर सांगितलं होतं तसाच.

"विमल," बाबा म्हणाले. त्यांना विचारायचं नव्हतं, पण विचारल्यावाचून राहवेना. "एकदाही नाही?"

मी दारात होते. उत्तर मला माहीत होतं. आणि आता तरी खरं बोलतील, असं मला वाटलं, कारण लपवायला हातच उरला नव्हता.

आईंनी डोळे उघडले. आवाज जड झाला होता. "साताऱ्याला," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा. तेव्हा सुटत नव्हते हात. ओढून बघितले मी. खरंच सुटत नव्हते."

त्यांचा हात बाबांच्या हातात तसाच सैल होता.

बाबांनी मान हलवली. "मला वाटलंच," ते म्हणाले. "तेव्हा मला कळलंच होतं."

आईंनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि बाबा आईंची औषधं ठेवायचे त्या डब्यात, सगळ्यात वर ठेवलं.